परदेशी शिक्षणाचा व्हिसा : शेत गहाण टाकण्यापूर्वी

परीक्षांचे निकाल लागून घरातील मुलगा वा मुलगी पदवीधर झाली, की हल्ली आमच्या गावागावांतून एक नवीच चर्चा ऐकू येते. पूर्वी ही चर्चा मुंबईच्या नोकरीची असे. पुढे ती आखातातील कंपन्यांची आणि बोटीवरील नोकरीची झाली. आता ती परदेशी विद्यापीठांची झाली आहे. रविवारची मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात घटकाभर उभी राहतात, तेथेही कुणाची मुलगी कोठे निघाली आणि तिला व्हिसा मिळाला की नाही, हाच विषय निघतो. ही गोष्ट आनंदाचीच आहे. ज्या घरातील आजोबांनी चार इयत्ता शिकून नांगर धरला, त्याच घरातील नात यंत्रशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याची उमेद बाळगते, याचे कौतुक कोणास वाटणार नाही? परंतु या चर्चेच्या अखेरीस बहुधा शेत, दागिने आणि गावची पतपेढी यांचा उल्लेख येतो, आणि तेथे आम्हांस थोडे थांबून बोलावेसे वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विद्यापीठाने प्रवेश दिला म्हणजे देशाने प्रवेश दिला, असे होत नाही. विद्यापीठ पाहते ते विद्यार्थ्याची बुद्धी आणि त्याचे गुणपत्रक. व्हिसा देणारा अधिकारी हे तर पाहतोच, परंतु त्याचे खरे प्रश्न निराळे असतात. हा उमेदवार कोण? तो खरोखर शिकावयास येत आहे काय? आणि येथे असेपर्यंत त्याचे पोट कोणाच्या पैशावर भरणार? आमचा मुलगा किती सालस आहे हे अधिकाऱ्यास ठाऊक नसते. त्याच्या समोर असतात ते केवळ कागद, आणि कागदांनी जे सांगितले तेवढेच तो जाणतो.

देशोदेशीचे नियम वेगवेगळे असल्यामुळे सर्वांचा विचार एका लेखात करणे अशक्य आहे. आम्ही येथे जर्मनीचाच विचार करणार आहोत. याचे कारण असे की, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबांचा ओढा अलीकडे त्या देशाकडे फार वाढला आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशांतून तेथे आलेल्या विद्यार्थ्यांत भारतीयांचाच गट सर्वांत मोठा होता. पुढील वर्षी ही संख्या आणखी बरीच वाढली. या ओढ्यामागील कारण साधे आहे. तेथील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्रास १,५०० युरो घेते, आणि म्युनिक येथील तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांवर शुल्क बसविले आहे. पण हे अपवाद होत. इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने शुल्काचा हा आकडा पाहून कोणाही पालकाचा जीव भांड्यात पडावा.

आणि येथेच पहिली फसगत होते. शुल्क नाही, म्हणजे पैसा लागत नाही, असा अर्थ घेतला जातो. वस्तुतः जर्मन वकिलात शुल्काचा पैसा मागत नसली, तरी एक वर्षाच्या उदरनिर्वाहाचा पैसा आधीच बाजूला काढून दाखवावयास सांगते. त्यासाठी जे खाते उघडावे लागते त्यास ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. आपण त्यास कुलूपबंद खाते म्हणू. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात. त्यापूर्वी, २०२३ च्या आरंभापासून, हा आकडा ११,२०८ होता. तो तेथील सरकारी विद्यार्थी-साहाय्याच्या दरावरून ठरत असल्यामुळे अधूनमधून वाढतो. एका युरोस शंभर रुपये असा ढोबळ हिशेब धरला, तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. युरो महागला की आकडा त्याहून वर चढतो.

या खात्याचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. खाते विद्यार्थ्याच्याच नावावर असते. पैसा त्याचाच असतो. तो विद्यापीठास मिळत नाही आणि जर्मन सरकारासही मिळत नाही. मात्र विद्यार्थी जर्मनीत पोहोचेपर्यंत त्यास त्यातील एक युरोही काढता येत नाही, आणि पोहोचल्यावरही दरमहा ९९२ युरो एवढेच हाती येतात. बारा महिन्यांत खाते रिकामे होते. म्हणजे हा दंड नव्हे, फीही नव्हे. पहिल्या वर्षाच्या जेवणाखाण्याची, भाड्याची आणि विम्याची ती शिदोरी आहे. व्हिसा नाकारला गेला, तर नकाराचे पत्र दाखवून खात्याचे कुलूप उघडता येते आणि खाते उघडणाऱ्या सेवेचे किरकोळ शुल्क व बँकेचा वटाव वजा जाता रक्कम परत मिळते.

हा फरक ध्यानी घेतला म्हणजे घरातील पैशाचे दोन भाग आपोआप दिसू लागतात. एक पैसा जाणारा आणि एक पैसा राहणारा. इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क, शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचे १८,००० रुपये, अनेक विद्यापीठांचे अर्ज ज्या एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात तिला पहिल्या अर्जाचे ७५ युरो व पुढील प्रत्येक अर्जाचे ३० युरो, व्हिसाचे ७५ युरो, हे सारे जाणारे पैसे. व्हिसा मिळो वा न मिळो, ते परत येत नाहीत. साधारणतः पन्नास-साठ हजार रुपयांचा हा खर्च होतो, आणि तो सोसण्याची तयारी ठेवूनच घराबाहेर पाऊल टाकावे. बारा लाखांची रक्कम मात्र राहणारी आहे. म्हणून विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती येण्यापूर्वी शेत गहाण टाकण्याची घाई करण्याचे काहीच कारण नाही. कोणी दलाल आधीच पैसा उभा करा असा तगादा लावीत असेल, तर तो कोणाच्या सोयीचे बोलत आहे याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा.

पैसा उभा करण्याचे मार्ग कोणते? बँकेचे शैक्षणिक कर्ज हा सरळ मार्ग. परंतु त्यातही एक खाच आहे, ती बँकेच्या पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी. आपल्या बँका बहुधा शुल्काचा पैसा परस्पर विद्यापीठाकडे पाठवितात. जर्मनीत शुल्कच नाही. मग बँक पैसा पाठविणार कोठे? कुलूपबंद खात्यात थेट रक्कम भरण्यास बँक तयार आहे की नाही, आणि असल्यास केव्हा, हे लेखी घ्यावे. तोंडी होकार देणारा शाखाधिकारी बदलून गेला आणि नव्याने आलेल्याने मान हलविली, तर सत्र सुरू व्हायची वेळ येऊन ठेपलेली असते. दुसरे असे की, शिक्षण चालू असताना हप्ते सुरू होत नसले, तरी व्याज चढतच असते. मुलगा शिकतो आहे तोवर कर्ज झोपलेले आहे, अशा समजुतीत राहू नये.

सावकाराचा मार्ग आम्ही मुद्दाम निराळा काढून दाखवीत आहोत. शेकडा दोन रुपये महिना या दराने बारा लाख घेतले, तर दरमहा चोवीस हजार रुपये केवळ व्याजाचे होतात. वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. काही जण तर याहून पुढे जाऊन सांगतात, की पैसा आम्ही भरतो, मुलगा तेथे पोहोचला की दरमहा सुटणारे ९९२ युरो आम्हांस परत पाठवावे, म्हणजे फिटंफाट झाली. ऐकावयास हे गोड वाटते. पण मग तो मुलगा परक्या देशात, कडाक्याच्या थंडीत, खाणार काय आणि खोलीचे भाडे देणार कशातून? विद्यार्थ्यांचा आरोग्यविमाच दरमहा दीडशे युरोंच्या आसपास असतो आणि तो सक्तीचा आहे. म्युनिकसारख्या शहरात एका खोलीचे भाडे या ९९२ युरोंतील फार मोठा वाटा गिळून टाकते. तेव्हा ही रक्कम दाखविण्यापुरती नसून खर्चण्यासाठीच आहे, हे एकदा पक्के समजले पाहिजे.

मुलगा तेथे काम करून भागवील, असे पुष्कळ पालक म्हणतात. काम करण्यास मुभा आहे. २०२४ च्या मार्चपासून परदेशी विद्यार्थ्यास वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि तेथील किमान वेतन २०२६ च्या आरंभापासून तासाला १३.९० युरो आहे. हातखर्चास याचा चांगला आधार होतो. परंतु मिळेल अशा आशेचा पैसा वकिलात पैशांत धरीत नाही. आणि आमच्या मते ते योग्यच आहे, कारण भाषा न येणाऱ्या नवख्या मुलास पहिल्या महिन्यापासून काम मिळेलच याची हमी कोण देणार?

नात्यातील कोणी जर्मनीत स्थायिक असेल, तर कुलूपबंद खात्याऐवजी त्यास हमीदार होता येते. पण त्यासाठी काकांनी घरून एक प्रेमळ पत्र लिहून भागत नाही. त्यांनी आपल्या गावच्या परदेशी-नागरिक कार्यालयात स्वतः जाऊन, मिळकतीचे पुरावे दाखवून, सरकारी नमुन्यावर हमी द्यावी लागते. आणि विद्यार्थ्यावर सरकारास काही खर्च करावा लागला तर तो पाच वर्षांपर्यंत त्यांच्याकडून वसूल करता येतो. एवढे ओझे नातलगाच्या खांद्यावर टाकावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एक मात्र सांगता येईल, की कुलूपबंद खाते पूर्ण भरलेले असले म्हणजे सातबारा म्हणा, कर्नाटकातील पहाणी म्हणा किंवा गोव्यातील एक-चौदाचा उतारा म्हणा, यांपैकी कशाचीही जर्मन वकिलातीस गरज नसते. घराचे व बागायतीचे मूल्यांकन करून आणण्यासाठी जे हजारो रुपये घेतले जातात, ते इतर देशांच्या रिवाजावरून उचललेले असतात.

आता कागदांकडे वळू. २०२२ च्या नोव्हेंबरची पहिली तारीख ही या बाबतीत महत्त्वाची आहे. त्या दिवसापासून भारतीय विद्यार्थ्यांना ए.पी.एस. नावाच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र व्हिसाच्या अर्जासोबत जोडणे बंधनकारक झाले. हे कार्यालय दिल्लीतील जर्मन वकिलातीशी संलग्न असून दहावी-बारावीपासून पदवीपर्यंतची सारी गुणपत्रके खरी आहेत की नाहीत, याची छाननी करणे हे त्याचे काम. चीनमधील विद्यार्थ्यांसाठी अशी व्यवस्था २००१ पासूनच होती. या छाननीस काही आठवडे लागतात, गर्दीच्या दिवसांत त्याहून अधिक. शिवाय कित्येक विद्यापीठे प्रवेशाच्या अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात. जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला, पदव्युत्तर अभ्यासक्रमांची तर अनेकदा त्याच्याही महिनोन्‌महिने आधी संपते. तेव्हा जाण्याच्या वर्षभर आधी ही तयारी हाती घेतली तर धावपळ होत नाही.

बारावी झालेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी येथे एक शब्द. बारावी होताच थेट जर्मन विद्यापीठात, अशा जाहिराती आम्ही पाहिल्या आहेत. खरी स्थिती अशी आहे की, आपली बारावी जर्मनीतील शालान्त परीक्षेच्या बरोबरीची मानली जात नाही. ज्याने जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड ही परीक्षा उत्तीर्ण केली आहे, किंवा येथील मान्य विद्यापीठात पदवीचे एक वर्ष त्याच विषयात यशस्वीपणे पुरे केले आहे, त्यास संबंधित विषयात थेट प्रवेश मागता येतो. इतरांस तेथील पूर्वतयारीच्या महाविद्यालयात वर्षभर शिकून परीक्षा द्यावी लागते, आणि तो अभ्यास जर्मन भाषेतून असतो. कोवळ्या वयाच्या मुलास एवढ्या लांब धाडण्यापेक्षा येथे पदवी पुरी करून, मधल्या काळात पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून मग जाणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून असला, तरी वाण्याच्या दुकानात आणि डॉक्टरकडे इंग्रजी चालेलच असे नाही.

कागद खरे असूनही अडचण येते ती नावांची, आणि हा प्रश्न आमच्या समाजात इतरांपेक्षा अधिक जाणवतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचे नाव मिगेल असते, शाळेत गुरुजींनी मायकल लिहिलेले असते, आणि रेशनकार्डावर घरातल्या हाकेप्रमाणे मिंगेल होऊन बसते. वडिलांच्या आडनावाचे रोमन लिपीतील शेवटचे अक्षर एका कागदावर एस तर दुसऱ्यावर झेड. डिसोझा कोठे जोडून, कोठे तोडून, कोठे मध्ये वरचे चिन्ह देऊन. महाराष्ट्राच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, नंतर नाव, नंतर वडिलांचे नाव. कर्नाटकात व तेलंगणात केवळ आद्याक्षरे. आणि पासपोर्टावर कित्येकदा आडनावाचा रकाना कोराच. गोव्यातील जुन्या पिढीच्या जन्मनोंदी तर पोर्तुगीज अमदानीतील, पोर्तुगीज भाषेत. घरातल्या माणसांना या सर्व नावांचा एकच धनी ठाऊक असतो. दिल्लीत बसून छाननी करणाऱ्या माणसाने ते कसे ओळखावे?

यातील प्रत्येक भेद सारखाच घातक नसतो. डिसोझामधील वरचे चिन्ह पासपोर्टाच्या यंत्राने वाचावयाच्या ओळीत मुळातच गळून जाते. त्यापायी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. परंतु मिगेलचा मायकल किंवा एसचा झेड झाला असेल, तर तो घरच्या घरी निस्तरता येत नाही. असा भेद गुणपत्रकात आणि पासपोर्टात असेल, तर तो अर्ज करण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावा. पासपोर्ट हा पाया मानावा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवावे. जेथे जुने गुणपत्रक बदलता येत नाही तेथे शपथपत्र व आवश्यक तर राजपत्रातील नामबदलाची जाहिरात जोडावी. बाप्तिस्म्याचा दाखला हा आपल्याला प्रिय असला, तरी व्हिसाच्या कामी सरकारी जन्मदाखल्याची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र जन्मदाखल्यातील चूक दुरुस्त करून घेताना जुन्या नोंदीचा आधार म्हणून तो कधी कधी उपयोगी पडतो. धर्मग्रामाच्या कार्यालयातून त्याची प्रत वेळीच काढून ठेवण्यास काय हरकत आहे?

अर्ज कोठे करावयाचा, याविषयीही गोंधळ दिसतो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेश हे प्रांत मुंबईच्या जर्मन वाणिज्य वकिलातीच्या कक्षेत येतात, कर्नाटक बंगळूरच्या. म्हणून बेळगाव-खानापूरच्या मुलाचे मामा कोल्हापुरात असले, आणि त्याची सारी शिक्षणाची भाषा मराठी असली, तरी त्याची वाट बंगळूरकडूनच जाते. पुण्यात राहून शिकत असल्यास तेथे राहत असल्याचा पुरावा त्याने जोडावा. हैदराबादकरांचे काम चेन्नईकडे असते. २०२५ पासून अर्ज प्रथम जर्मन परराष्ट्र खात्याच्या संगणकीय दालनात भरावयाचा असतो. कागद तेथे तपासले गेल्यावर हजर होण्याची तारीख मिळते. अर्ज व बोटांचे ठसे गोळा करणारी जी खासगी कंपनी शहरात दिसते, तिला निर्णयाचा कोणताही अधिकार नाही. तेथील कोणाशी ओळख आहे असे सांगून पैसे मागणारा मनुष्य हवेतली वस्तू विकत असतो.

गोव्यातील काही घरांत यावर एक सोपा तोडगा सांगितला जातो, तो म्हणजे पोर्तुगालचा पासपोर्ट. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या संततीस पोर्तुगीज नागरिकत्व मागण्याची वाट त्या देशाच्या कायद्याने मोकळी ठेवली, आणि युरोपीय संघाच्या नागरिकास जर्मनीत शिकण्यासाठी व्हिसा लागत नाही, हे दोन्ही खरे. परंतु भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी जन्माचे नागरिकत्व सोडणे हा सौदा कसा काय ठरतो, याचा हिशेब पासपोर्टाच्या रांगेत उभे राहण्याआधी करावा.

दलालांविषयी आम्ही आतापर्यंत दोन-तीनदा बोललो. सर्वच सल्लागार लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. अर्ज भरण्यास मदत करून वाजवी मोबदला घेणारेही आहेत. परंतु कॅनडात २०२३ साली जे उघडकीस आले, ते प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे. पंजाबातील अनेक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी महाविद्यालयांची प्रवेशपत्रे घेऊन तेथे गेले होते. पोहोचल्यावर दलालाने त्यांना सांगितले, की त्या महाविद्यालयातील जागा भरल्या, दुसरीकडे नाव घाला. त्यांनी घातले, शिकले, नोकऱ्याही धरल्या. पुढे कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर मूळ प्रवेशपत्रच बनावट असल्याचे निघाले, आणि हद्दपारीच्या नोटिसा आल्या. त्या वेळी तेथील सरकारने हद्दपारी थांबवून एकेक प्रकरण तपासण्यास पथक नेमले. पहिल्या शंभरावर प्रकरणांत साठांहून अधिक विद्यार्थी निष्पाप ठरले, तर चाळीसांच्या बाबतीत तसे ठरले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्राची महाविद्यालयाकडून खातरजमा करून घेण्याचा नियम केला. जे निष्पाप ठरले त्यांनीही ते महिने कसे काढले असतील! ज्याच्या नावाने कागद, त्यास त्याचा जाब द्यावा लागतो. दलालाचे नाव अर्जावर कोठेच नसते.

यावर उपाय अगदी साधा आहे. प्रवेशपत्र आले की विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या पत्त्यावर स्वतः पत्र धाडून ते खरे आहे ना, असे विचारावे. अर्जातील टपालाचा पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल स्वतःचा द्यावा, सल्लागाराचा नव्हे. नाहीतर विद्यापीठाचे उत्तर त्याच्याच खिशात राहते. आपण कोणता अभ्यासक्रम का निवडला, हे सांगणारे पत्रही मुलाने स्वतःच लिहावे. साच्यातून काढलेली पत्रे अधिकाऱ्यांच्या नजरेखालून रोज जातात. इंग्रजी थोडे ओबडधोबड असले तरी चालेल, पण त्यात त्या मुलाचा स्वतःचा विचार दिसला पाहिजे. खासगी संस्थांच्या बाबतीत तर अधिकच पारखून घ्यावे. २०२५ साली बर्लिनमधील एका खासगी संस्थेत दाखल झालेल्या काही भारतीय विद्यार्थ्यांना, त्यांचे शिक्षण बरेचसे दूरस्थ पद्धतीचे असल्याच्या कारणावरून, वास्तव्याचा परवाना नाकारण्यात आला. त्यांनी लाखांचे शुल्क भरलेले होते. जेथे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष वर्गात बसण्याची गरज नाही, तेथे त्याने देशात राहण्याचीही गरज नाही, असा त्या कार्यालयाचा सरळ तर्क.

आणि नकार आलाच तर? नकार म्हणजे कलंक नव्हे. त्याचे कारण लेखी मिळते. ते शांतपणे वाचावे. पूर्वी त्याच वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता येत असे; २०२५ च्या जुलैपासून ती सोय बंद झाली आहे. आता एक तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागावी, किंवा उणीव भरून काढून नव्याने अर्ज करावा. बहुतेकांना दुसरा मार्गच परवडणारा आहे. नव्या अर्जात मागील नकार लपवू नये. तो त्यांच्या दप्तरी असतोच. खोटे गुणपत्रक वा खोटा दाखला सापडला, तर मात्र पुढील सर्व अर्जांवर त्याची सावली पडते, आणि ती पुसून काढणे फार कठीण.

व्हिसा मिळून मुलगा सुखरूप पोहोचला, म्हणजे सारे संपले असेही नाही. मिळालेला व्हिसा काही महिन्यांचाच असतो; तो संपण्यापूर्वी तेथील कार्यालयाकडे वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तत्पूर्वी, खोली मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, नगरपालिकेत आपला पत्ता नोंदवावयाचा असतो. त्या नमुन्यावर धर्माचा एक रकाना आहे. त्यात रोमन कॅथलिक असे लिहिणाऱ्याकडून पुढे त्याच्या आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के, राज्याराज्याप्रमाणे, चर्चसाठी कर म्हणून कापले जातात. येथून गेलेल्या मुलांना याची कल्पना नसते आणि पहिला मोठा पगार हाती आल्यावर ती दचकतात. विद्यार्थ्याच्या अल्प कमाईवर आयकर पडत नाही, तोवर हा करही पडत नाही.

पत्त्याची नोंद झाली की बँकेत साधे खाते, आणि ते उघडल्यावर कुलूपबंद खात्यातून पहिले ९९२ युरो. यात दोन-चार आठवडे सहज जातात. इकडे घरमालक पहिल्याच दिवशी भाडे आणि अनामत मागतो. तेथील कायद्याने ही अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते, आणि तीन मासिक हप्त्यांत ती देण्याची मुभा भाडेकरूस आहे. तेव्हा बारा लाखांचा हिशेब मांडताना, विमानाचे तिकीट, लोकरीचे कपडे आणि या पहिल्या महिन्याचे हजार-दीड हजार युरो वहीत निराळे मांडावे.